मध्यरात्रीचा राग आणि शेजाऱ्याची झोंप

पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो संगीतमहोत्सव भरतो, त्याचा आरंभ त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीस, १९५३ सालीं झाला. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनीं तो उभा केला आणि पन्नासांहून अधिक वर्षें वाढविला. रेणुका स्वरूप प्रशालेचें पटांगण, मग रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगरांतील क्रीडासंकुल, अशीं त्याचीं स्थळें बदलत गेलीं. परंतु मांडवाखालीं, डिसेंबरच्या मोकळ्या हवेंत, भारतीय बैठकीवर मांडी घालून ऐकावयाचें गाणें हें त्याचें रूप कायम राहिलें. एक गोष्ट मात्र कायम राहिली नाहीं. पूर्वी हा उत्सव रात्रभर चालत असे. श्रोते शाली-कांबळीं घेऊन येत आणि उजाडल्यावर घरीं जात. आतां रात्रीं दहाच्या ठोक्याला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो; एखाद्या दिवसापुरती बारापर्यंत सवलत मिळाली तर मिळते. ज्या मांडवानें दोन-तीन पिढ्यांना मध्यरात्रीचा दरबारी आणि पहांटेचा ललित ऐकविला, त्या मांडवांत हे राग त्यांच्या वेळीं आतां ऐकूं येत नाहींत.

याबद्दल रसिकांत हळहळ आहे, आणि आम्हीहि त्या रसिकांपैकींच आहों. परंतु या हळहळीच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नुसत्या हळहळण्यानें सुटत नाहीं. आपल्याला जें उत्तम वाटतें तें, ज्यानें मागितलेलें नाहीं अशा माणसाच्या कानीं घालण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आणि तें खरोखरच उत्तम असलें, म्हणजे हा अधिकार वाढतो कीं घटतो? उघड्यावरच्या गाण्याचा विचार करूं लागलें कीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कारण भिंती नसल्या म्हणजे निमंत्रित आणि अनिमंत्रित यांच्यामधली रेघहि पुसली जाते.

प्रथम रसिकांची बाजू पूर्णपणें मांडणें न्यायाचें होईल. आपल्या रागांना वेळ असते हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या वेळेचा हिशेब कसा लागतो हें थोडें पाहिलें पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं आपल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथांत हा हिशेब मांडला आहे. हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें, आणि मुद्दाम सांगावयाचें तें हें कीं मराठींत, लिहिलेला आहे. लेखकाजवळ वकिलीची सनद होती, आणि युक्तिवादाची ती शिस्त पानापानावर दिसते. त्यांच्या मांडणीप्रमाणें सप्तकाचे दोन भाग पडतात. ज्या रागांचा वादी स्वर पूर्वांगांत, ते सामान्यतः दुपारीं बारापासून रात्रीं बारापर्यंत गावेत. ज्यांचा उत्तरांगांत, ते रात्रीं बारापासून दुपारीं बारापर्यंत. दिवस आणि रात्र जेथें मिळतात तेथें संधिप्रकाश राग येतात. या नियमाला अपवाद आहेत, आणि स्वतः भातखंड्यांनीं ते लपविलेले नाहींत. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. या व्यवस्थेंत मध्यरात्र ही नुसती उशिराची वेळ नव्हे, तर गाण्याचें वजन सप्तकाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाण्याची ती घडी आहे. रात्रभर बसणाऱ्या श्रोत्याला हें वळण प्रत्यक्ष अनुभवावयास मिळे. दरबारीचा तो खालीं खालीं उतरणारा, आंदोलित गांधार, नंतर मालकंस, मग चार वाजण्याच्या सुमारास ललितांतले ते दोन मध्यम एकापुढें एक आले, म्हणजे बाहेर उजेड नसतांहि आंत कोठें तरी फटफटूं लागे. हानि झाली असेल तर ती एखाद्या रागाची नाहीं. दरबारी संध्याकाळीं सातलाहि गातां येतो, ध्वनिमुद्रिकेवर वाटेल तेव्हां ऐकतां येतो. हानि झाली ती त्या वळणाची.

येथें कोणी विचारील कीं हें सारें खरें आहे कीं संवयीचें? कर्नाटकी गायक वेळेचें बंधन फारसें पाळीत नाहींत, आणि त्यांच्या रागांचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. कोमल ऋषभाचा आणि सूर्यास्ताचा संबंध निसर्गानें जोडला असता, तर तो म्हैसुरासहि जोडला गेला असता. आमचें मत असें आहे कीं हा संबंध संकेताचा आहे, निसर्गाचा नाहीं. पण संकेताचा आहे म्हणून तो क्षुद्र ठरत नाहीं. आई या शब्दाचा आणि आईचा संबंध तरी दुसरा कसला आहे? शेंकडों वर्षें, हजारों माणसांनीं, एका विशिष्ट घटकेला विशिष्ट स्वर ऐकले, म्हणजे त्या घटकेचा रंग त्या स्वरांत उतरतोच. म्हणून रसिक जेव्हां म्हणतो कीं माझें कांहींतरी गेलें, तेव्हां तो भावनेच्या भरांत खोटें बोलत नाहीं. खरोखरच कांहींतरी गेलें आहे, आणि जें गेलें त्याला मोल होतें. हें मान्य करूनच पुढें जावयाचें आहे.

आतां कायदा नेमकें काय म्हणतो? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्र म्हणजे दहा ते सहा अशी त्यांत व्याख्या आहे, आणि या वेळांत ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेंत मात्र मुभा आहे. २००२ सालच्या दुरुस्तीनें राज्य सरकारला अधिकार मिळाला कीं सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगीं, वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत, ही वेळ बारापर्यंत वाढवावी. म्हणजे मध्यरात्रीं दरबारी गाण्यास कोणीहि बंदी केलेली नाहीं. भिंतींच्या आंत, ध्वनिवर्धक लावून, तो खुशाल गावा. भिंतींच्या बाहेर, ध्वनिवर्धक आणि वाद्यें यांवांचून, नुसत्या गळ्यानें तोहि गावा. भिंती नाहींत आणि ध्वनिवर्धक वा वाद्य आहे, एवढीच जोडी वर्ज्य आहे. पुष्कळ वेळां रागावलेले रसिक हें विसरून बोलतात.

दुसरी बाजू शेजाऱ्याची. ती मांडण्यास आम्हांस फार दूर जावें लागतें, कारण संगीताविषयीं इतकें परखड लिहिणारा माणूस आपल्याकडे आम्हांस आढळला नाहीं. इमॅन्युएल कांट यानें १७९० सालच्या आपल्या सौंदर्यविचाराच्या ग्रंथांत कलांची तुलना करतांना संगीतावर असभ्यतेचा आरोप ठेवला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: चित्र नको असेल तर डोळे फिरवावेत, पण गाणें हवें त्याच्यापर्यंत जाऊन थांबत नाहीं, शेजारीपाजारीं पसरतें, आणि नको असणाऱ्यालाहि आपल्यांत ओढतें. खिशांतून अत्तराचा रुमाल काढणाऱ्याची उपमा त्यानें दिली आहे. त्याच्या सुगंधाचा वांटा भोंवतालच्या प्रत्येकाला, इच्छा असो वा नसो, घ्यावाच लागतो. या मतामागें अनुभव होता. त्याच्या घराजवळच्या तुरुंगांत कैदी उघड्या खिडक्यांशीं मोठमोठ्यानें प्रार्थनागीतें गात, आणि १७८४ सालीं कांटनें त्याबद्दल नगराध्यक्षाकडे पत्र लिहून तक्रार केली होती. कैद्यांनीं भक्ति करूं नये असें त्याचें म्हणणें नव्हतें. खिडक्या लावून करावी, एवढेंच होतें. पुढें लंडनला गणितज्ञ चार्ल्स बॅबेज हा रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशीं वर्षानुवर्षें भांडला, आणि १८६४ सालीं तेथें त्यासंबंधीं कायदा झाला. या थोर लोकांकडे चिडखोर म्हातारे म्हणून हंसून पाहण्याची पद्धत आहे. आम्हांस तें हंसणें पटत नाहीं. ज्याचें सारें काम डोक्यांत चालतें त्याला शांतता ही सुताराच्या लांकडासारखी आहे. ती कोणी उचलून नेली, तर त्यानें ओरडूं नये काय?

तरी कांटच्या म्हणण्यांत एक उणीव राहते. संगीत आणि गोंगाट यांत शेजाऱ्याच्या दृष्टीनें फरक नाहीं, असें त्यावरून कोणास वाटेल. आणि आमचा अनुभव त्याच्या उलट आहे. आम्ही राहतों तें नवघर, भाईंदरच्या पूर्वेचें. एके काळीं मिठागरांच्या कडेचें गांव; आतां शहर. लोहमार्ग जवळ असल्यामुळें गाड्यांचा धडधडाट चोवीस तासांत फार थोडा वेळ थांबतो. नायगांवाकडून खाडीच्या पुलावरून येणारी मालगाडी मध्यरात्रीं नीट ऐकूं येते. परंतु तिनें येथें कोणी जागा होत नाहीं. पाहुणा आला तर पहिल्या रात्रीं दचकतो, तिसऱ्या रात्रीं घोरतो. गाडीच्या आवाजाला आपल्याकडून कांहीं नको असतें, म्हणून मन त्याला वाट देऊन पुन्हां निजतें. गाण्याचें तसें नाहीं. दूरवरून अर्धवट ऐकूं येणारी तान पुरी कशी होते, सम कोठें येते, हें मन आपसुकच पाहूं लागतें. आणि गळा जितका चांगला तितकें तें अधिक पाहतें. म्हणजे अडाणी गोंगाट माणसाची झोंप मोडतो, पण उत्तम गाणें ती मोडून शिवाय त्याला कामाला लावतें. आमच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. गाणें उत्तम असल्यानें तें नको असलेल्याच्या कानीं घालण्याचा अधिकार वाढत नाहीं, तो घटतो.

आणि कोणाच्या झोंपेविषयीं आपण बोलत आहों? 'शेजारी' म्हटलें कीं रसिकाच्या डोळ्यांपुढें एक अरसिक, पैसेवाला, कुरकुऱ्या गृहस्थ उभा राहतो. नवघरांत पहांटे चारच्या सुमारास ज्या खिडक्यांत दिवा लागतो, त्या अशा गृहस्थाच्या नसतात. पहिल्या लोकलनें चर्चगेटकडे जाणारे, दुधाच्या पिशव्या पोंचविणारे, हॉटेलांत भट्टी पेटविणारे, सफाईच्या कामावर हजर होणारे यांच्या त्या असतात. दोन तासांची झोंप गेली तर आम्हां प्राध्यापकाचें फार तर एक व्याख्यान रटाळ होतें, आणि विद्यार्थ्यांना फरक कळेलच असेंहि नाहीं. यंत्रावर हात असलेल्या माणसाचें तसें नसतें.

याहून भयंकर गोष्ट न्यायालयाच्या दप्तरांतच आहे. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ रोजीं ध्वनिप्रदूषणावर जो विस्तृत निकाल दिला, त्याच्या मुळाशीं असलेला अर्ज कशामुळें दाखल झाला तें त्या निकालांत नमूद आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठीं ओरडत होती, आणि शेजारीं ध्वनिवर्धकावर लावलेल्या गाण्यांत तिचें ओरडणें बुडून गेलें. त्याच दिवशीं संध्याकाळीं तिनें स्वतःला जाळून घेतलें. ही घटना सांगून संगीतमहोत्सवास दोषी ठरवावें असा आमचा हेतु मुळींच नाहीं. तो अन्याय होईल. पण शांतता ही निवांत लोकांची चैन आहे असें जे म्हणतात, त्यांनीं ही हकीकत एकदां वाचावी. दुर्बळाची हांक ऐकूं येण्यासाठीं जी जागा लागते, तिचेंच नांव शांतता.

आतां आम्ही अवघड ठिकाणीं येतों. सुशिक्षित घरांतून हमखास ऐकूं येणारा युक्तिवाद असा कीं, नियम ठीक आहे, पण तो डी.जे.च्या भिंतींसाठीं, मिरवणुकींसाठीं, गरब्याच्या कर्ण्यांसाठीं; अभिजात संगीताला त्यांतून वगळावें. ज्यांच्या तोंडून आम्ही हें ऐकतों ते सज्जन आहेत. कदाचित् हा लेख वाचणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असेल. तरी आम्हांस हा युक्तिवाद टिकेलसा वाटत नाहीं. वगळावयाचें ठरविणार कोण? पोलीस-ठाण्यांतील अंमलदारानें बिलासखानी तोडी ओळखून परवाना द्यावा काय? आणि आमच्या गल्लींतल्या मंडळाच्या मुलांना विचारलें, तर त्यांच्या दृष्टीनें त्यांचें गाणें हीच संस्कृति आहे. वर्षभर वर्गणी गोळा करून तीं मुलें तें उभें करतात. तीं आपल्याला विचारतील, "काका, तुमचें तें गाणें आणि आमचा तो गोंगाट, हें ठरलें कोठें?" या प्रश्नाला कलाशास्त्रांत उत्तर आहे, आम्ही तें देऊं शकतों आणि वर्गांत देतोंहि. पण रात्रीं अकरा वाजतां आजारी माणसाच्या उशाशीं तें उत्तर कामाचें नाहीं. कायद्यानें येथें बहिरेंच असलें पाहिजे. राग आणि रिमिक्स यांत तो भेद करूं लागला, तर ज्याच्या हातीं सत्ता त्याची अभिरुचि कायदा होईल. आणि ती अभिरुचि नेहमीं आपलीच असेल, अशा भ्रमांत आपण तरी राहूं नये. सध्यां पंधरा दिवसांची जी सवलत आहे, ती कोणत्या दिवसांना द्यावयाची याच्या याद्या दरवर्षीं निघतात. त्यांत गणपति आणि नवरात्र यांचे दिवस किती आणि गायनाचे किती हें पाहिलें, म्हणजे बहुमताची अभिरुचि कोठें आहे तें दिसतेंच.

मग पूर्वी गांवांत रात्र-रात्र जागरणें होत, गोंधळ होत, भजनाच्या सप्ताहांत अहोरात्र वीणा खालीं ठेवीत नसत, तें कसें चालत होतें? त्या वेळीं शेजारी नव्हते काय? होते, पण दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक तर संबळ झाला तरी त्याचा आवाज माणसाच्या हाताच्या बळाएवढाच. दुसरी अधिक महत्त्वाची. गोंधळ ज्याच्या घरीं, तो साऱ्या आळीला बोलावीत असे. न येणाऱ्यालाहि प्रसाद जाई. आणि पुढच्या वर्षीं त्याच्या घरचें कार्य निघे, तेव्हां जागण्याची पाळी या घराची असे. झोंपेची ही देवघेव होती, आणि हिशेब सरासरीनें बरोबर येई. आजच्या नवघरांत सातव्या मजल्यावरच्या माणसाला समोरच्या इमारतींतल्या माणसाचें नांव ठाऊक नसतें. निमंत्रण गेलें, परतफेड गेली, आणि आवाज मात्र शतपट झाला. कोजागिरीच्या पौर्णिमेला लक्ष्मी रात्रीं फिरते आणि 'को जागर्ति', कोण जागें आहे, असें विचारते, अशी आपली समजूत आहे. तिच्या रीतीकडे लक्ष द्यावें. ती निजलेल्यांना उठवीत नाहीं, जे जागे आहेत त्यांचीच चौकशी करते. गच्चीवर दूध आटवीत, नुसत्या गळ्यानें गात बसलेल्या चार कुटुंबांच्या मैफलीला आजहि कोणता कायदा आड येत नाहीं.

यावर एक तोड सुचविण्यांत येते ती अशी कीं, गाणें वस्तीपासून दूर न्यावें, डोंगरावर न्यावें. पश्चिमेकडे असें झालें आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागांत बॉस्टनचा प्रसिद्ध वाद्यवृंद उन्हाळ्यांत टँगलवूड या ठिकाणीं उघड्या हिरवळीवर वादन करतो. १९३७ च्या ऑगस्टांत तेथें वाग्नरच्या रचना चालू असतांना असें वादळ आलें, कीं वाद्यें आणि श्रोते दोन्ही भिजलीं. लगेच वर्गणी जमविण्यास सुरवात झाली, आणि पुढच्याच वर्षीं, १९३८ सालीं, बाजूंनीं मोकळी अशी प्रचंड छपरी तेथें उभी राहिली. छपरीच्या आंत आसनें आणि बाहेर हिरवळीवर सतरंज्या, अशी ती सोय आहे. आपल्याकडे याला साजेशी जागा शोधावयाची तर माथेरानहून चांगली कोणती? १९०७ सालीं आगगाडी तेथें पोंचली. पण मोटारींना डोंगरावर अजून मज्जाव आहे, आणि २००३ पासून तो सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून संरक्षित आहे. एप्रिल-मेमध्यें तेथल्या तांबड्या वाटांवरून संध्याकाळीं फिरतांना कोणालाहि वाटेल कीं येथें एक तंबोरा जुळवावा. परंतु या तोडीचा हिशेब नीट केला पाहिजे. डोंगरावरची शांतता रिकामी नसते. तेथें घोडेवाले राहतात, हमाल राहतात, हातगाडी ओढणारे राहतात, आणि त्यांचा दिवस पाहुण्यांच्या आधीं उजाडतो. त्यांची झोंप नवघरच्या झोंपेहून स्वस्त कां मानावी? जेथें इतर आवाज नाहींत तेथें ध्वनिवर्धक दरींतून दुप्पट घुमतो, हें निराळेंच. आणि श्रोता कोण उरेल? ज्याला दोन रात्रींचें हॉटेलचें भाडें परवडेल तो. मुंबई-पुण्याचा कारकून ज्या पटांगणावर थोडक्या पैशांत आठ-दहा हजारांच्या गर्दींत बसतो, तो त्या डोंगरावर पोंचणार नाहीं. मुंबईंतच धोबीतलावाजवळ रंगभवन नांवाचें खुलें नाट्यगृह होतें. १९७८ सालीं 'जाझ यात्रा' तेथें सुरू झाली, आणि इतरहि पुष्कळ कार्यक्रम त्या मोकळ्या आकाशाखालीं झाले. जवळच रुग्णालयें आणि महाविद्यालय असल्यानें तो भाग शांतता-क्षेत्रांत आला आणि तेथलें गाणें थांबलें. आम्हांस त्याचें वाईट वाटतें. पण रुग्णालय दुसरीकडे न्या असें आम्ही म्हणूं शकत नाहीं.

तेव्हां सारा दोष ध्वनिवर्धकाच्या माथीं मारावा काय? खांसाहेब अब्दुल करीमखां हे सवाई गंधर्वांचे गुरु. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासहून पाँडिचेरीकडे जातांना वाटेंत छातींत कळ आली, आणि ते सिंगपेरुमाल कोइल नांवाच्या लहानशा स्टेशनावर रात्रीं उतरले. फलाटावर बिछाना घालून त्यांनीं तंबोरा जुळवून घेतला, आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना करीत प्राण सोडला, असें सांगतात. दरबारी तोच, रात्र तीच, आकाशहि मोकळेंच. ऐकणारीं माणसें किती असतील? शिष्यमंडळी, फार तर स्टेशनमास्तर. गळा पोंचेल तेवढाच श्रोता, हें निसर्गाचें जुनें माप होतें, आणि त्या मापांत शेजाऱ्याची तक्रार क्वचितच उद्भवत असेल. पण त्याच मापामुळें हें गाणें शतकानुशतकें संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत आणि सावकारांच्या माड्यांवर कोंडलेलें होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्याला दिवाणखान्याच्या पायरीवर कोणी उभें केलें नसतें, त्याला मांडवांत बसवून भीमसेनांचा मंद्र षड्ज पोंचविला तो या यंत्रानेंच. म्हणून खरी निवड अशी आहे: थोड्यांनीं योग्य वेळीं ऐकावें, कीं पुष्कळांनीं अवेळीं ऐकावें? पुष्कळांनीं, योग्य वेळीं, आणि शेजाऱ्याचेंहि कांहीं न बिघडतां, हें तिन्ही एकदम साधत नाहीं. दोन मिळतात, तिसरें सोडावें लागतें. आमचा कौल पुष्कळांकडे आहे, आणि सोडावयाचें तें वेळ. प्रहर चुकलेला दरबारी उणा असतो, पण तो दरबारीच असतो. आणि तो ऐकून ज्याला गोडी लागेल, त्याला मध्यरात्रींच्या दहा माणसांच्या बैठकीचें दार पुढेंमागें सांपडेल. अशा बैठका, यंत्रावांचूनच्या, घराघरांतून वाढाव्यात. त्यांना कोणाची परवानगी लागत नाहीं, फक्त यजमानीणबाईंची लागते.

शिवाय या बदलांत कांहीं मिळालेंहि आहे, आणि हळहळणारे लोक तें जमेस धरीत नाहींत. रात्रीं सुरू होणाऱ्या मैफलींत मुलतानी कोण गाणार? भीमपलास, पटदीप, पूर्वी, हे दुपारचे आणि तिन्हीसांजेचे राग त्या काळीं मोठ्या मांडवांत दुर्मिळच असत. आतां मैफल दुपारींच सुरू होते, आणि ऊन कलतांना मुलतानी, दिवे लागतांना मारवा, असा क्रम श्रोत्यांस लाभतो. मध्यरात्रीच्या वळणाच्या बदल्यांत सूर्यास्ताचें वळण मिळालें. हा सौदा बरोबरीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो सगळाच तोट्याचा नाहीं.

एक गांठ मात्र आम्हांस सुटलेली नाहीं. नियमानें रात्र म्हणजे दहा ते सहा असें ठरविलें, आणि निवासी भागाला रात्रीं पंचेचाळीस आणि दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा घातली. परंतु आमच्याच इमारतींत एक बाई रात्रपाळीच्या परिचारिका आहेत. त्या सकाळीं नऊच्या सुमारास घरीं येतात, स्वयंपाकाचें उरकतात आणि अकरा वाजतां निजतात. त्यांची मध्यरात्र दुपारीं दोनला होते. समोरच्या मैदानांत श्रावणापासून ढोलताशांचा सराव चालतो तो दुपारींच. आणि सराव करणारीं मुलें कायद्याच्या दृष्टीनें पूर्णपणें निर्दोष आहेत, कारण तो दिवस आहे. गेल्या वर्षीं त्या मुलांकडे गेल्या. मुलांनीं ऐकून घेतलें, "मावशी, आम्हांला माहीत नव्हतें" म्हणालीं, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या पलीकडच्या टोंकाला, मिठागराच्या बाजूला, जाऊन वाजवूं लागलीं. आवाज अजून येतोच. मावशी म्हणतात, आतां निदान ठेका ओळखीचा झाला आहे.